मामेसासऱ्यांचा वर्ग

९ ऑगस्ट

आज एकाहत्तराव्या वर्षी मला नवी बहीण मिळाली. घरमालकीण सज्जनकंवर, जिला सगळी गल्ली माँसा म्हणते, सकाळी ताट घेऊन जिना चढून वर आली. "आज सूं थे म्हारा बड़ा भाई," म्हणाली आणि माझ्या मनगटावर भलामोठा लाल गोंडा बांधून मोकळी झाली. वयाने ती माझ्याहून मोठीच असेल, पण भाऊ मात्र बडा. मी ओवाळणी घातली आणि लगेच मागणं पुढे केलं. खालच्या पोर्चमध्ये गल्लीतल्या सुनांसाठी दुपारचा साक्षरता वर्ग घेऊ द्या म्हटलं. राखी बांधल्यावर भावाला नाही कसं म्हणणार? झाली कबूल. एका धाग्यात अख्खी गल्ली जिंकली.

संध्याकाळी निनादला सांगितलं. निनाद म्हणजे आमचे चिरंजीव, बँकेत अधिकारी. सी-स्कीमला त्याचं ऑफिस आणि त्याच्या बदलीपायी मी इथे राजस्थानात, मुरलीपुऱ्यात येऊन पडलेला. म्हणाला, "बाबा, जिना उतरताना गुडघा दुखतो म्हणता आणि आता वर्ग?" त्याला काय सांगू. पत्नी सुमन गेली, तासगावचं घर भाड्याने दिलं आणि ट्रकमधल्या सामानाबरोबर मीही इकडे आलो. ज्याने सारी हयात मुलींच्या शाळेत घालवली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला, तो आता दिवसभर गॅलरीतून समोरच्या कूलरच्या कारखान्यातले पत्रे मोजतो. मराठी बोलायला घरातली तीन माणसं, त्यातलं एक आठ वर्षांचं. पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची वेळेवर मिळते, म्हणून त्याने गप्प बसायचं का?

१८ ऑगस्ट

वर्गाचा पहिला दिवस. बायका मोप आल्या, पण तोंड एकीचंही दिसलं नाही. सगळ्यांची ओढणी हनुवटीच्या खाली. मी नावं विचारली, उत्तर नाही. पुन्हा विचारली, तरी नाही. शेवटी सून हर्षाली खडू घेऊन खाली आली, तेव्हा पहिलीने तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं.

"बाबा, ही संतोष," हर्षाली म्हणाली. "माँसांची सून."

बाईचं नाव संतोष हे ऐकून मी चाट पडलो. पुढचं ऐकून तर कपाळावर हात मारून घेतला. माँसा माझी बहीण झाली, म्हणजे मी संतोषचा मामेसासरा झालो. मामेसासऱ्याला सुनेने तोंड दाखवायचं नाही आणि आवाजही ऐकू द्यायचा नाही. बाकीच्या बायका माँसाला काकी, मावशी मानतात, म्हणजे त्यांच्याही बाबतीत तेच.

हर्षाली हसू दाबत म्हणाली, "राखी बांधून घेतली नसती, तर नुसते मास्टरजी राहिला असता. मास्टरजींशी बोललेलं चालतं."

आता बांधलेली राखी सोडता येत नाही. मग तोड काढली. मी खुर्चीवर बसून प्रश्न विचारायचा, बायकांनी उत्तर हर्षालीच्या कानात सांगायचं आणि हर्षालीने ते मला सांगायचं. उभं राहवत नाही, म्हणून फळ्यावर लिहायचं कामही तिच्याचकडे.

३ सप्टेंबर

गाडी रुळावर आली. संतोष हुशार आहे. मुलाच्या शाळेतून येणारी चिठ्ठी तिला स्वतः वाचायची आहे. आत्ता ती वाचून दाखवायला दीर लागतो आणि तो गैरसोयीचं तेवढं गाळून वाचतो, असा तिला संशय आहे. म्हणजे हर्षालीने मला असं सांगितलं.

आज शेवटी थोडं बोललो. शिक्षण म्हणजे नुसती बाराखडी नव्हे, शिकलेल्या बाईला पडद्याची गरज उरत नाही, समाज बदलतो तो घराच्या उंबऱ्यापासून, वगैरे. एकेकाळी या भाषणाला तालुक्यात टाळ्या पडायच्या. इथे ओढण्या हलल्यासुद्धा नाहीत. मग संतोषने हर्षालीमार्फत विचारलं, तुमच्याकडे सुना कशा राहतात?

मी अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे पदर डोक्यावरून केव्हाच गेला. ही माझी सून बघा, एम.एस्सी., बी.एड. रसायनशास्त्र. आमच्याकडे सुनेला मुलीसारखं मोकळं ठेवतात."

सगळ्या ओढण्या हर्षालीकडे वळल्या. तिने माझं बोलणं हिंदीत सांगितलं खरं, पण फार थोडक्यात उरकलं. मी बोललो त्याच्या अर्धंही नसेल.

१२ सप्टेंबर

हर्षालीला नोकरी चालून आली. सी-स्कीमच्या एका मोठ्या शाळेत, नववी-दहावीला रसायन शिकवायचं, दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं. मुलाखत कधी दिली ते मला माहीत नव्हतं. राजा पार्कला कापड आणायला गेली होती त्या दिवशी दिली म्हणे. कळवायचं महिनाअखेरपर्यंत.

मी मनापासून अभिनंदन केलं. निनादला मिठाई आणायला पिटाळलं. नात सलोनी नाचत होती, "मम्मी टीचर बनणार, मतलब माझ्या मैत्रिणींना जळण होणार." या पोरीचं मराठी ऐकून सुमनने डोकं धरलं असतं.

रात्री पडल्यावर लक्षात आलं. शाळा साडेतीनला सुटणार, म्हणजे घरी यायला साडेचार. वर्ग दोनचा. वेळ बदलावी म्हटलं तर या बायकांना दुपारखेरीज सवड नाही, सकाळी पाणी आणि स्वयंपाक, संध्याकाळी पुरुष घरी. शिवाय सलोनी दीडला येते. माझी दुपारची गोळी, गरम पोळी, हेही आहेच. तो भाग सोडा, प्रश्न वर्गाचा आहे.

१५ सप्टेंबर

बोललो आज. हर्षाली गवार मोडत बसली होती. मी म्हटलं, "हे बघ, मी काही जुनाट सासरा नाही. तू नोकरी जरूर कर. पण सी-स्कीमच्या पोरांना ॲसिड आणि अल्कली शिकवायला दुसरं कुणीही मिळेल. या बायकांना तुझ्याखेरीज कोण आहे? एकीची नोकरी मोठी की एवढ्या जणींचं शिक्षण? वर्षभर थांब."

ती म्हणाली, "बाबा, निनादच्या प्रत्येक बदलीला मी वर्षभरच थांबले. नागपूरला थांबले, भोपाळला थांबले. आईंच्या आजारपणात थांबले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता मला जायचंय. माझं विसरत चाललंय सगळं."

मी म्हटलं, "इतकी थांबलीस, मग आणखी एक वर्ष काय? हेही शिकवणंच आहे. उलट जास्त पुण्याचं."

तिने उरलेली गवार मोडली, ताटली उचलली आणि आत गेली. उलटून काही बोलली नाही. पटलं असावं. मुळात समजूतदार आहे.

१६ सप्टेंबर

निनादलाही पटलं. म्हणजे तो काही बोलला नाही.

२२ सप्टेंबर

घट बसले. सकाळी मी पेपर वाचत असताना हर्षाली चहा घेऊन आली, ती ओढणी पार हनुवटीपर्यंत ओढून. कप ठेवला, वळली, गेली. मी हाक मारली, ओ नाही. जेवताना सलोनी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "आजोबा, मम्मी पूछती है, मतलब विचारते, पोळी आणखी पाहिजे?"

मी खूप हसलो. म्हटलं, वर्गातल्या बायकांची नक्कल चांगली करते. पोळी घेतली.

२५ सप्टेंबर

नक्कल नाही ही. चौथा दिवस. निनादपुढे, सलोनीपुढे, दूधवाल्यापुढे तोंड उघडं, बोलणं नेहमीसारखं. पडदा फक्त माझ्यापुढे. स्वयंपाकघरातून दोघांचं हसणं ऐकू येतं, मी दारापाशी गेलो की ते थांबतं आणि ओढणी खाली येते. घरात वावरताना मी आता खाकरतो. इथले म्हातारे खाकरतात, तसंच. पहिल्यांदा आपोआप खाकरलो तेव्हा माझाच मला राग आला.

वर्ग बंद नाही. हर्षाली येते, फळ्यावर लिहिते, शिकवते. माझ्याशी मात्र बोलत नाही. संतोष तिच्या कानात सांगते, ती सलोनीच्या कानात सांगते आणि सलोनी मला तिच्या धेडगुजरी मराठीत सांगते. तोवर मी काय विचारलं होतं तेच विसरतो. खरं तर मी काही विचारलं नाही तरी वर्ग चालतो, हे आज लक्षात आलं. मी खुर्चीवर आपला गणपतीसारखा.

दुपारी जेवण वेळेवर, गोळी वेळेवर, पाण्याचा तांब्या वेळेवर. सेवेत कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची, ते कळत नाही.

२९ सप्टेंबर

माँसा वर आली, हातात मावा कचोरीची पुडी. "भाईसा, थांकी बींदणी तो घणी संस्कारी है. पढ़ी-लिखी होकर भी इतनी मरजाद! हमारी बहुओं को इससे सीखना चाहिए." बींदणी म्हणजे सून. गल्लीतले दोन म्हातारे, जे कधी मान वर करून बघत नव्हते, ते आज मला हात जोडून रामराम करून गेले.

जन्मभर मी पडद्याविरुद्ध बोललो, तेव्हा मला इतका मान कुणी दिला नव्हता. कचोरी सलोनीला देऊन टाकली.

निनादला म्हटलं, "अरे, हा काय प्रकार आहे? विचार तिला."

"तुम्हीच विचारा."

"ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून तर तुला सांगतोय."

"बाबा, मी तुमच्या दोघांच्यात पडत नाही," असं म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. चिरंजीव आजवर कशात पडले आहेत म्हणा. आईवर गेलाय, असं मी म्हणणार होतो, पण सुमन बोलायची तरी. की नाही बोलायची? आता आठवू म्हटलं तर तिचा आवाज आठवतो तो "पान वाढलंय" एवढंच म्हणतानाचा.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. राजा पार्कच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम. मिलिटरीतली कुटुंबं, बँका आणि विमा कंपन्यांतली बदलीची मंडळी, मसाला दूध. मला स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ दिलं, "परप्रांतात स्त्रीशिक्षणाची ज्योत पेटवणारे उमाकांत सर" वगैरे. चार शब्द बोललो. बरे जमले.

मग मेजरसाहेबांची पत्नी प्रज्ञा, तिच्याकडे माईक होता, म्हणाली, "सरांच्या कामात त्यांच्या सूनबाईंचाही मोठा वाटा आहे. हर्षालीताई, दोन शब्द बोला ना."

हर्षाली शांतपणे स्टेजवर आली. माझ्यासमोर आल्यावर तिने ओढणी खाली ओढली आणि वाकून सलोनीच्या कानात काहीतरी सांगितलं. सलोनीने माईकमध्ये खणखणीत आवाजात सांगितलं, "मम्मी म्हणते, ती आजोबांच्या समोर बोलत नाही."

सगळा हॉल हसत सुटला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, राजस्थानी रिवाजावरची गंमत बसवून आणली आहे. "काय सुंदर विडंबन!" म्हणून एकाने मला टाळी दिली. मीही हसलो. न हसून काय करतो? अंगावर शाल होती आणि उठून जाता येत नव्हतं. दूधही प्यालो नाही.

९ ऑक्टोबर

आज फार वाईट वागलो.

सलोनी दुपारी टॉवेल डोक्यावरून घेऊन खेळत होती. मी विचारलं, "आज शाळेत काय शिकवलं?" तिने टॉवेल खाली ओढला आणि बाहुलीच्या कानात कुजबुजली. मग बाहुलीला माझ्याकडे वळवलं.

"काढ तो टॉवेल," मी म्हटलं.

पुन्हा बाहुलीच्या कानात कुजबूज.

मी ओरडलो. तिचा टॉवेल ओढून फेकला. पोरगी घाबरून रडायला लागली. हर्षाली आतून आली, ओढणी होतीच. सलोनीला तिने पोटाशी धरलं आणि उभी राहिली. त्या ओढणीच्या आत ती रागात आहे की रडतेय, तेही मला कळायला मार्ग नव्हता. मला ते सहन होईना.

म्हटलं, "कर बाई ती नोकरी. मी परवानगी देतो. वर्गाचं मी बघेन."

ती सलोनीच्या कानात बोलली. सलोनी हुंदके देत म्हणाली, "मम्मी म्हणते, तिने हो कळवून टाकलंय. कब का."

"कधी?"

"तुम्ही गवारवाल्या दिवशी बोललात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे परवानगीची वाट कुणी बघतच नव्हतं. निनादलाही ठाऊक असणार. मी विचारलं, "मग हे सगळं कशासाठी? नोकरी मिळाली, मग माझ्याशी बोलायला काय हरकत आहे?"

या वेळी कुजबूज बरीच लांबली. सलोनीने डोळे पुसून नीट आठवत सांगितलं, "मम्मी म्हणते, बोलून बघितलं. तुम्ही म्हणालात, समजूतदार आहेस. मतलब, ऐकलं नाही. म्हणून आता फक्त तुमचा मान ठेवते."

'समजूतदार' असं मी तिच्या तोंडावर म्हटल्याचं मला आठवत नाही. पण म्हटलं असेल. ते मी सगळ्यांना म्हणतो.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. अभ्यंगाचं तेल, फराळ, औक्षण, सगळं ओढणीतूनच झालं. त्याबद्दल लिहीत बसत नाही. वर्गाला सुट्टी होती. आज हर्षाली नोकरीवर रुजू झाली.

सकाळी गॅलरीतून बघितलं. फाटकापर्यंत ओढणी तोंडावर होती, कारण मी वर उभा आहे हे तिला ठाऊक असणार. फाटकाबाहेर पडल्यावर तिने ती खांद्यावर टाकली, केस सारखे केले आणि सीकर रोडकडे झपाझप चालत गेली. एवढ्या वेगात चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. घरात ती नेहमी हळू चालते, म्हणजे मला तसं वाटायचं.

गोळी मी हाताने घेतली. भात गार खाल्ला. सलोनीला माँसाकडे ठेवायचं हर्षालीने आधीच ठरवून दिलं होतं.

दोन वाजता खाली गेलो. वाटलं होतं कुणी येणार नाही, पण सगळ्या आल्या. मी खुर्चीवर बसलो. विचारलं, दिवाळीत काय काय वाचलंत? कुणी बोलेना. बोलणार कसं, कानात सांगायला मध्ये कुणी नव्हतं. मी विचारतोय आणि समोर नुसत्या रंगीत ओढण्या. निम्मा तास असाच गेला. उठून निघून जावंसं वाटलं, पण त्या सगळ्या घरची कामं टाकून येऊन बसलेल्या आणि मी तरी जाऊन जाणार कुठे? वरच ना.

काहीतरी करायचं म्हणून उठलो, गुडघ्यावर हात ठेवून फळ्यापाशी गेलो आणि स्वतःच लिहायला लागलो. लिहिलं, "कल विद्यालय में छुट्टी है." लिहून होतंय तोच मागून आवाज आला. कुणीतरी अडखळत, पण मोठ्याने वाचत होतं. मी गर्रकन वळलो. ओढण्या खाली, सगळं चिडीचूप.

पुन्हा फळ्याकडे तोंड केलं. पुन्हा आवाज. एकीचा, मग दुसरीचा. तिसरीने दुसरीची चूक काढली. कुणीतरी हसलं. ओढणीतून इतकं मोकळं हसू येत नाही, तोंडं उघडी होती. संतोषने (तीच असावी, आवाज घोगरा आहे) थेट मला विचारलं, "मामाजी, चिट्ठी में ऐसा ही लिखते हैं क्या?" मी भिंतीला म्हटलं, "हो, असंच." मग तिने मुलाची खरी चिठ्ठी काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दिराने आजवर कोणती ओळ गाळली होती, ते वाचल्यावर सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. काय ओळ होती, ते मला त्या गलक्यात समजलं नाही आणि विचारायला वळता आलं नाही. तास संपेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभा. गुडघा ठणकत होता. शाळेत ही शिक्षा मी पुष्कळ पोरींना दिली असेल.

हर्षाली साडेचारला आली. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं. ती दारात येऊन उभी राहिलेली कळली. ओढणी खाली आलीच असणार. मी वळलो नाही. ओट्याकडे तोंड ठेवून विचारलं, "साखर कुठल्या डब्यात असते?"

एकेका डब्याचं झाकण उघडून बघू लागलो. मग मागून आवाज आला, "डावीकडच्या. निळं झाकण."

महिन्याहून जास्त झाला तो आवाज माझ्याशी बोलताना ऐकून. साखर घातली. चमचा फिरवत राहिलो. विचारलं, "कसा गेला दिवस?"

ती बोलायला लागली. आधी शाळेचं. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, याची भीती होती, पण पोचला. प्रयोगशाळेत शिरल्यावर वासानेच सगळं आठवलं. मग नागपूरला मिळालेली एक नोकरी, जी तिने होकार कळवायच्या आदल्या दिवशी सोडली, कारण मी फोनवर म्हटलं होतं की सुमनला बघायला कुणी नाही. मग सुमनचं. सुमनलाही शिकायचं होतं, दहावीचा बाहेरून फॉर्म भरायचा होता, आणि ते ती हर्षालीला आजारपणात सांगायची, मला कधीच नाही. त्याचं कारणही हर्षालीने सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

चहा उकळून काळा झाला होता. गॅस बंद केला असता तर गाळणं घ्यायला मागे वळावं लागलं असतं. म्हणून मी आणखी पाणी ओतलं आणि ती बोलत होती तोवर तसाच उभा राहिलो.